वसमतहून एका बॅटरीचोरास

प्रति,
आरटीएसएक्स-यूएसबी-एमएस,
मेमस्टिक विभाग, लिनक्स कर्नल.

विषय : रिकाम्या स्लॉटपायी जाळलेल्या बॅटरीचा जाब.

तुला 'माननीय' लिहायला हात धजत नाही. 'सप्रेम नमस्कार'ही गाळतो. प्रेम उरलेलं नाही, आणि नमस्कार ज्यांना करायचा त्यांची नावं पुढे येतील.

तू कोण हे आधी वाचणाऱ्यांना सांगायला हवं, कारण ज्यांच्या बॅटऱ्या तू खाल्ल्यास त्यांतल्या बहुतेकांना तुझं नावही माहीत नाही. लॅपटॉपच्या कडेला मेमरी कार्ड घालायचा चपटा स्लॉट असतो. पुष्कळ स्वस्त लॅपटॉपांत त्यामागचा कार्ड रीडर आतल्या आत यूएसबीवरच जोडलेला असतो. त्याचा कारभार कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, दोघांत वाटून दिला : एसडी कार्ड आलं तर तुझ्या भावाने बघायचं, मेमरी स्टिक आली तर तू. तू मेमरी स्टिकच्या ड्रायव्हरमधला थ्रेड, म्हणजे मागे सतत चालणारं काम. मशीन सुरू झालं की तू उठायचास, आणि बंद होईपर्यंत दर सेकंदाला रीडरला एकच प्रश्न विचारायचास : मेमरी स्टिक आली का? तासाला 3,600 वेळा. मशीन दिवसरात्र चालू असेल तर 86,400 वेळा. वर्षभर चालू राहिलं तर 3 कोटी 15 लाखांच्या वर. आणि उत्तर प्रत्येक वेळी तेच, नाही आली.

ती येणार कुठून? मेमरी स्टिक हे सोनी कंपनीने 1998 साली काढलेलं कार्ड. तिचेच कॅमेरे, तिचेच हँडीकॅम, 2004 पासून तिचंच पीएसपी हे खेळाचं यंत्र, आणि त्या सगळ्यांत चालणारं तिचंच कार्ड. दुसरीकडे 1999 मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तिघांनी मिळून एसडी कार्ड आणलं आणि बाकीचं जग तिकडे गेलं. 2010 मध्ये खुद्द सोनीने आपल्या उपकरणांत एसडी चालू द्यायला सुरुवात केली. तुझा ड्रायव्हर कर्नलमध्ये दाखल झाला 2014 साली. म्हणजे ज्याची वाट बघायला तुला बसवलं, त्याचा बाजार तू येण्याआधीच उठत आला होता. वसमतच्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात जाऊन मेमरी स्टिक मागून बघ. एसडी मिळेल, मायक्रो एसडी ढिगाने मिळेल. 'स्टिक' म्हटलं की दुकानदार पेनड्राइव्ह काढून पुढे ठेवतो.

आता हे पत्र वसमतहून का, ते ऐक. आमच्याकडे एप्रिल-मे हा एकाच वेळी हळदीचाही हंगाम आणि लग्नांचाही. शेतात हळद शिजवायचे कुकर पेटलेले असतात, मोकळ्या जागेत हळकुंडं वाळत पडलेली असतात, मोंढ्यात पॉलिश केलेल्या मालाची पोती लागतात. आणि तेव्हाच कुरुंदा, गिरगाव, हट्टा, आंबा चोंढी, कुठे ना कुठे मांडव पडलेला असतो. उन्हाळी वादळ आलं की तारा तुटतात, डीपी जळते, आणि लाईट कधी येणार हे वायरमनलाही सांगता येत नाही. लग्नाचा फोटोग्राफर अशा वेळी दोन कॅमेऱ्यांची कार्डं घेऊन लॅपटॉपसमोर बसतो. कार्ड रिकामं झाल्याशिवाय उद्याचं लग्न घेता येत नाही. यूएसबी 2.0 च्या रीडरवर 64 जीबीचं भरलेलं कार्ड उतरायला अर्ध्या तासाच्या पुढे वेळ जातो. तेवढी बॅटरी त्याच्याकडे हवी असते, आणि नेमकी तेव्हा ती नसते.

कारण त्याचा लॅपटॉप नवा नाही. आमच्याकडे येणारी पुष्कळशी मशीनं मोठ्या शहरातल्या ऑफिसांतून निघालेली, दोन-तीन हात बदललेली. त्यांच्यावर जड सिस्टीम चालत नाही म्हणून आम्ही लिनक्स टाकून देतो. बॅटरी थकलेली असते. 'बॅकअप किती देतो?' हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न, आणि कितीही भाव उतरवला तरी शेवटचा प्रश्नही तोच. हिशोब सोपा आहे. नवी असताना 48 वॉट-तासांची असलेली बॅटरी अर्ध्यावर आली, म्हणजे 24 उरले. मशीन 8 वॉट खात असेल तर तीन तास. त्यात फुकट एक वॉट वाढला की दोन तास चाळीस मिनिटं. गेलेल्या वीस मिनिटांत पुण्यातल्या माणसाचं काही अडत नसेल, त्याच्या टेबलाशेजारी प्लग आहे. हट्ट्याच्या मांडवात त्या वीस मिनिटांत अर्धं कार्ड उतरून झालं असतं.

तुझा पत्ता शोधून काढणंही सोपं नव्हतं, कारण तू चोरी हातचलाखीने करायचास. टेबलावर मशीन उघडं आहे, एकही प्रोग्राम चालू नाही, ब्राउझर बंद, वाय-फाय बंद. टर्मिनलमध्ये 'टॉप' चालवलं. पहिल्याच ओळीत लोड ॲव्हरेज : 1.00, 1.01, 1.00. काही न करणाऱ्या मशीनवर एक पूर्ण काम सतत वाट बघत बसल्याचा हा आकडा. खाली यादी बघावी तर प्रोसेसरच्या रकान्यात सगळीकडे शून्य. कोण खातंय ते दिसत नाही. मग प्रत्येक प्रोसेसची अवस्था दाखवणारा रकाना तपासला आणि त्यात एक 'डी' सापडला. 'डी' म्हणजे अशी झोप की मध्येच कोणी उठवू शकत नाही. त्या 'डी'समोर तुझं नाव होतं, शेवटी एक आकडा लावलेलं. लिनक्सचा लोड ॲव्हरेज नुसती चालू कामं मोजत नाही, अशा न उठवता येणाऱ्या झोपेतली कामंही मोजतो. तू प्रत्येक सेकंद त्या झोपेत काढायचास, क्षणभर उठून रीडरला हाक मारायचास आणि पुन्हा तसाच पडायचास. त्यामुळे आकडा एकावर खिळलेला. गिऱ्हाईक म्हणायचं, मशीनमध्ये व्हायरस आहे. त्याचं काय चुकलं? कोणी तरी आत बसलेलं आहे हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

लोड ॲव्हरेजचा आकडा बदनामीपुरता. खरी लूट विजेची, आणि ती कशी व्हायची हे नीट मांडलं पाहिजे.

लिनक्समध्ये 2009 च्या अखेरीस, 2.6.32 या आवृत्तीत, राफाएल विसोत्स्की यांनी रनटाइम पॉवर मॅनेजमेंटची चौकट आणली. त्याआधी झोप म्हणजे बहुतांशी सगळ्या मशीनची झोप : झाकण बंद केलं की सगळे एकदम. या चौकटीने प्रत्येक उपकरणाला स्वतःपुरती झोप दिली. मशीन चालू आहे, तुम्ही टाइप करता आहात, पण कॅमेरा वापरात नाही तर कॅमेरा झोपलेला, कार्ड रीडर वापरात नाही तर तोही. त्यासाठी प्रत्येक उपकरणामागे एक मोजणी ठेवली. काम सुरू करताना ड्रायव्हरने ती एकने वाढवायची, संपलं की एकने कमी करायची. मोजणी शून्यावर आली की उपकरण झोपायला मोकळं. दर क्षणी झोपवणं-उठवणंही महाग पडतं, म्हणून थोडी उसंत ठेवायची सोय आहे. एसडी आणि ईएमएमसी कार्डांसाठी कर्नलने ती तीन सेकंद धरली आहे. यूएसबी उपकरणांसाठी ठरावीक उसंत दोन सेकंद.

या व्यवस्थेत नातीही आहेत. कर्नल त्यांना पेरेंट आणि चाइल्ड म्हणतो. तू आणि तुझा एसडीवाला भाऊ ही चाइल्ड, यूएसबी रीडर तुमचा पेरेंट, त्याच्यावर यूएसबीचा हब आणि कंट्रोलर. खालचं जागं असेपर्यंत वरच्याला झोपता येत नाही. म्हणून तू मारलेली एक हाक फक्त रीडरपुरती राहात नाही. रीडर उठतो, त्याच्यासाठी यूएसबीचा कंट्रोलर उठतो, आणि कंट्रोलर चालू असला की प्रोसेसरला सर्वांत खोल झोपेत उतरता येत नाही. यूएसबी रीडरला झोपायला दोन सेकंदांची शांतता हवी आणि तुझी हाक दर सेकंदाला. त्यातूनही त्याचा डोळा लागलाच तर पुढच्या सेकंदाला तू हजर. टीचभर कार्डाच्या नावाने अख्खं मशीन तू अर्धवट जागं ठेवलंस.

आणि हे सगळं विनाकारण. तुझा रीडर आंधळा-बहिरा नाही. झोपलेल्या यूएसबी उपकरणाने कंट्रोलरला इशारा देऊन स्वतःहून जागं होण्याची सोय यूएसबीमध्ये फार आधीपासून आहे, तिला रिमोट वेकअप म्हणतात. कार्ड आत सरकलं की झोपेतला रीडर स्वतः तो इशारा देऊ शकतो. तुझ्याच घराच्या मूळ यूएसबी ड्रायव्हरमध्ये पहिल्यापासून रिमोट वेकअप मागून ठेवलेलं होतं आणि आपोआप झोपायची परवानगीही दिलेली होती. दाराला बेल बसवलेली असताना तू दर सेकंदाला दार उघडून बाहेर कोणी आहे का बघत होतास, आणि उघड्या दारामुळे बेल कधी वाजलीच नाही. कारण इशारा देण्यासाठी रीडर आधी झोपावा लागतो, आणि तू त्याला झोपू देत नव्हतास.

तुझ्या बाजूने काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे. पोलिंग, म्हणजे सारखं विचारत राहणं, ही जुनी, खात्रीची पद्धत. कार्ड निघालं-घातलं हे कळायचा भरवसा प्रत्येक चिपवर नसतो. सेकंदाला एकदा विचारणं म्हणजे काय मोठंसं. यातले पहिले दोन मुद्दे मी मान्य करतो. जिथे बेलच नाही तिथे दार उघडून बघावंच लागतं, आणि एसडीच्या मुख्य चौकटीतही अशा रीडरांसाठी सेकंदाला एकदा बघायची सोय ठेवली आहे. घाईघाईने वीज तोडणंही धोक्याचं असतं. कार्ड लिहीत असताना पुरवठा काढला तर फाइल जाते, आणि लग्नाची फाइल गेली तर नवरा-नवरीला पुन्हा बोहल्यावर उभं करता येत नाही. म्हणून झोपवताना जपून वागणाऱ्या ड्रायव्हरबद्दल माझी तक्रार नाही. तुझ्या घरचाच मूळ ड्रायव्हर आपोआप झोपण्याआधी स्लॉटमध्ये कार्ड आहे का ते तपासतो, असलं तर झोप पुढे ढकलतो. ते शहाणपण आहे. रिकाम्या स्लॉटवर जागरण घालणं हे शहाणपणही नाही आणि सावधगिरीही नाही. 'काय मोठंसं' हा तिसरा मुद्दा तर ज्याच्या घरात इन्व्हर्टर आहे त्यालाच सुचतो.

आता नमस्काराची नावं. तुझ्याविरुद्धची तक्रार डेबियनच्या बग-नोंदवहीत 2014 मध्येच गेली होती, 765717 क्रमांकाची. कोणी तरी मशीन रिकामं असताना लोड ॲव्हरेज एकवर का, हा प्रश्न 'चालायचंच' म्हणून सोडून दिला नाही. 2016 मध्ये बेन हचिंग्स यांनी तुझी झोप बदलून ती लोडच्या मोजणीत न धरली जाणारी केली. बदल एका ओळीच्या आसपासचा. 'डी' गेला, लोडचा खोटा आकडा खाली आला. वीज मात्र तू खातच राहिलास.

त्याच वर्षी दुसरा गुन्हा उघडा पडला. रीडर झोपलेला आहे की जागा, हे न बघताच तू त्याच्या रजिस्टरात हात घालत होतास. झोपलेल्या उपकरणाला असा हात लावला की चुका येतात, कधी रीडर अडकतो. रितेश राज सराफ या भारतीय डेबियन विकसकाने हा त्रास कळवला आणि दुरुस्त्या स्वतः तपासून दिल्या. लॅपटॉपची बॅटरी वाचवणारं 'लॅपटॉप मोड टूल्स' सांभाळणारा हा माणूस. इंटरनेट नसलेल्या मशीनवर पॅकेज न्यायची सोय करणारं 'ॲप्ट-ऑफलाइन'ही त्याचंच. खेड्यात मशीनं चालवणाऱ्या माझ्यासारख्याला या दुसऱ्या हत्याराचं मोल वेगळं सांगायला नको. ॲलन स्टर्न आणि कर्नलमधल्या एमएमसी, म्हणजे एसडीसारख्या कार्डांच्या, विभागाचे सांभाळकर्ते उल्फ हॅन्सन यांनी तेव्हा तुझ्या हाकेआधी मोजणी वाढवायचा आणि हाकेनंतर कमी करायचा नियम घातला. बरोबर नियम. पण त्यामुळे तुझी हाक अधिकृत झाली : आता तू दर सेकंदाला रीतसर रीडरला उठवू लागलास. तुझा भाऊही धुतल्या तांदळासारखा नव्हता हे त्याच वेळी दिसलं. कार्ड नसताना त्याच्या एका फंक्शनमधून मध्येच परत फिरायची वाट होती, आणि त्या वाटेने गेलं की मोजणी वाढलेलीच राहायची. कार्ड नाही, काम नाही, आणि रीडर जागा. तेही हॅन्सन यांनी निस्तरलं.

मुळावर घाव पडला तो 2018 मध्ये. काय-हेंग फेंग यांनी पॅचची, म्हणजे दुरुस्त्यांची, एक मालिकाच पाठवली, आणि तिचा हेतू मथळ्यातच स्पष्ट होता : कार्ड नसेल तेव्हा रीडर झोपलेलाच राहावा. तुझा अखंड चालणारा थ्रेड त्यांनी काढून टाकला. त्या जागी उशिराने चालायला लावता येणारं काम आणलं, जे उपकरण जागं झालं की नेमता येतं आणि झोपायला निघालं की रद्द करता येतं. सोबत एक तपासणी ठेवली : कार्ड नाही आणि कार्डाची वीजही बंद आहे, तर थांबायचं कशाला, झोपा. आणि मग, इतक्या वर्षांनी, रीडरला स्वतःचा इशारा द्यायला मिळाला. या मालिकेच्या पाच आवृत्त्या झाल्या, मधल्या काळात उल्फ हॅन्सन यांनी एसडीच्या बाजूचं काम नव्याने बांधलं, आणि 2019 च्या सुरुवातीच्या कर्नलमध्ये हे सगळं आलं.

2014 ते 2019. तू येऊन बसल्यापासून उठवला जाईपर्यंतचा हा काळ. दुरुस्ती अवघड होती म्हणून लागला का? नाही. चौकट 2009 पासून तयार होती, रिमोट वेकअप त्याहून जुनं, कायदा लिहिलेला होता, तुझ्याच घरच्या मूळ ड्रायव्हरचा दाखला समोर होता. लागला तो यासाठी, की ज्यांच्या टेबलावर तू बसला होतास त्यांना तू दिसत नव्हतास आणि ज्यांना दिसू शकत होतास त्यांचा स्लॉट दुसऱ्याच जातीचा होता. महागड्या लॅपटॉपांतले रीडर बहुधा पीसीआय एक्सप्रेसवर बसतात, त्यांचा ड्रायव्हर वेगळा. यूएसबीवरचा रीडर स्वस्त मशीनांत येतो. स्वस्त मशीनवाला माणूस बॅटरी लवकर संपली की बॅटरीलाच शिव्या देतो, फार तर नवीन आणतो. डुप्लिकेट बॅटरीचे दीड-दोन हजार रुपये तो मोजतो आणि कर्नलच्या नोंदवहीत त्याच्या खर्चाची एक ओळही उमटत नाही. ज्याची वीज रोज मोजून येते त्याच्याच मशीनमध्ये मोजणी न करणारा ड्रायव्हर बसवला गेला, याचा मला राग आहे, आणि तो राग मी आवरून लिहीत नाही.

तुझी भावकीही मोठी आहे. मोजणी वाढवणाऱ्या एका जुन्या फंक्शनची खोड अशी, की उपकरण उठवायचा प्रयत्न फसला तरी मोजणी वाढलेलीच राहते. ड्रायव्हर लिहिणारा समजतो, फसलं म्हणजे काही झालं नाही, आणि मागे फिरतो. मोजणी एकवर अडकते, पुन्हा शून्यावर येतच नाही, आणि ते उपकरण मशीन बंद होईपर्यंत झोपत नाही. ही एकच चूक कर्नलच्या ठिकठिकाणच्या ड्रायव्हरांत सापडत गेली. शेवटी 2020 मध्ये, 5.10 या आवृत्तीत, फसल्यास मोजणी आपणच मागे घेणारं नवं फंक्शन द्यावं लागलं. तेव्हा तू एकटा गुन्हेगार आहेस असं मी म्हणत नाही. तू मला सापडलेला आहेस, एवढंच.

ज्यांच्याकडे अशी मशीनं आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द, तुझ्या देखतच. लिनक्समध्ये प्रत्येक यूएसबी उपकरणाच्या नोंदीत 'पॉवर' नावाचा एक फोल्डर असतो. त्यातल्या 'कंट्रोल' फाइलमध्ये 'ऑन' लिहिलेलं असेल तर त्या उपकरणाला झोपायची परवानगीच नाही, 'ऑटो' असेल तर आहे. 'रनटाइम स्टेटस' मध्ये ते आत्ता झोपलंय की जागं ते दिसतं. शेजारी जागेपणाचा वेळ आणि झोपेचा वेळ मिलिसेकंदांत लिहिलेला असतो. स्लॉट रिकामा ठेवा, दहा मिनिटांनी परत बघा. झोपेचा आकडा हलला नसेल किंवा जागेपणाचा आकडा त्याच्या बरोबरीने पळत असेल तर चोर घरात आहे. 'पॉवरटॉप' टाकून घेतलं तर कोण किती वेळा उठतंय याची यादीच समोर येते. इंटेलच्या लोकांनी 2007 मध्ये ते याच कामासाठी बनवलं. आमच्या भागात हे बघण्याची सवय लागायला हवी. शेतातल्या मोटारीचा अँपिअर बघितल्याशिवाय स्टार्टर न लावणारी माणसं आहोत आपण, लॅपटॉपचा का बघू नये?

उपाय दोन. कर्नल नवा करता येत असेल तर करावा, 5.0 आणि त्यापुढचा. तिथे तू सुधारलेला आहेस आणि तिथल्या तुझ्याशी माझं भांडण नाही. काही जुन्या मशीनवर ते जमत नाही. ग्राफिक्स बसत नाही, किंवा गिऱ्हाइकाच्या एखाद्या प्रिंटरचा ड्रायव्हर जुन्यावरच अडलेला असतो. अशा वेळी ड्रायव्हर चढवणाऱ्या मॉडप्रोबच्या सेटिंगमध्ये एक ओळ लिहायची : ब्लॅकलिस्ट, आणि पुढे तुझं नाव. मशीन पुन्हा चालू केलं की तू येत नाहीस. एसडीचा ड्रायव्हर वेगळा असल्याने एसडी कार्ड पूर्वीसारखं चालतं, फोटोग्राफरचं काही अडत नाही. त्याला फरक कळतो तो पुढच्या लग्नात.

माझ्या दुकानात येणाऱ्या जुन्या मशीनांत ती ओळ पडलेली आहे. कोणी खरंच मेमरी स्टिक घेऊन आलं, जुन्या हँडीकॅममधलं बारसं काढून द्या म्हणत, तर ती ओळ खोडायला मला वेळ लागणार नाही. तुला बोलावीन, बारसं उतरवून घेईन, आणि ओळ पुन्हा लिहीन.

कळावे,
मोंढ्याजवळचा एक लॅपटॉप दुरुस्तीवाला,
वसमत, जि. हिंगोली